रकाना सतरा

तिबिलिसीहून निघताना पिशवीत होते
दोनशे अकरा कोरे अर्ज, तीन पेनं,
आणि आईनं बळेच कोंबलेली अक्रोडाची माळ,
द्राक्षाच्या रसात बुडवून वाळवलेली.
देशाचं मोजमाप करायला निघाले होते मी.
असं म्हटलं की जरा छाती फुगते.
खरं तर एवढंच विचारते:
गेल्या वर्षी जो रोज यायचा, तो अजून येतो का?

कुताइसीचं केंद्र क्षयाच्या जुन्या दवाखान्यामागे.
सकाळी आठला रांग. बूट आपटण्याचे आवाज.
खिडकीला जाळी, जाळीला हाताएवढं भोक,
भोकातून प्लास्टिकचा पेला,
पेल्यात मेथाडोन, पाण्यानं वाढवलेलं.
त्सियाला म्हणते, "गिळ. आता बोल काहीतरी."
बोललं की कळतं, गालात काही लपलेलं नाही.
म्हणून प्रत्येकजण तिला रोज एक वाक्य देतो.
"मुलीला दात आला."
"पंप बिघडलाय."
"काल स्वप्नात मी पोहत होतो, कपड्यांसकट."
सोळा वर्षं ती ही वाक्यं ऐकते आहे.
अर्जात त्यांना जागा नाही.

दुपारी आम्ही याद्या लावत बसतो.
रकाना सतरा: उपचार सुटला असल्यास कारण.
एक, दुसऱ्या केंद्रात. दोन, तुरुंग. तीन, स्वतःहून.
चार, नियम मोडला. पाच, मृत्यू.
नऊ, माहीत नाही.
नऊ फार सोयीचा,
त्याच्या पोटात कितीही माणसं मावतात.

क्रमांक चारशे आठ. तीन वर्षांत एक खाडा नाही.
नऊ फेब्रुवारीपासून कोरं.
सतरा: नऊ.
दोन पानं उलटून, पंधरा फेब्रुवारी,
क्रमांक सहाशे बत्तीस. नवा दाखल. पुरुष, सत्तेचाळीस.
चारशे आठही सत्तेचाळीसचाच.
"त्या वयाचे पुरुष देशात पुष्कळ," मी म्हटलं.
त्सियालानं चष्मा पुसला,
खणातून एक वही काढली, शाळकरी, एकेरी रेघांची.
नाव कुणाचंच नाही. तारीख, क्रमांक, वाक्य.

आठ फेब्रुवारी, ४०८: "गाईचे दिवस भरलेत."
पंधरा फेब्रुवारी, ६३२: "वासरू झालं. कपाळावर चांदणी."

मधले सहा दिवस वरचा घाट बर्फाखाली होता.
पाच दिवस चुकले की जुना क्रमांक संपतो,
माणूस पुन्हा पहिल्या पायरीवर, थोड्या थोड्या मात्रेनं.
नियम चुकीचा नाही. एकदम जुना घोट दिला तर जीव जाईल.
पण ते सहा दिवस गोठ्यात त्यानं कसे काढले,
हाडं कुरतडणाऱ्या थंडीत घामानं निथळत,
गाईच्या कळा कुठल्या, स्वतःच्या कुठल्या
हे न कळता,
ते वहीतही नाही.

राजधानीतल्या तक्त्यात मात्र तो दोनदा आहे.
एकदा गळालेल्यांत, एकदा नव्यांत.
कुणीतरी गळतीबद्दल हळहळलं असेल,
कुणीतरी नव्या दाखल्यांवर खूश झालं असेल,
एकाच माणसावरून, एकाच बैठकीत.

मी फोन केला. "किती फरक पडतो?"
"अर्ध्या टक्क्याहून कमी."
"मग राहू दे, नातेला."
"आणि बाकीच्या चौदा केंद्रांत घाट नाहीत का?"
पलीकडे कागद सरकल्याचा आवाज.
"बरं. दुरुस्तीला आधार काय लिहायचा?"

मी वासराकडे पाहिलं, म्हणजे वहीतल्या त्या ओळीकडे.
स्थानिक नोंदी, असं लिहिलं.
भित्रं उत्तर होतं. बसलं मात्र रकान्यात.

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी खिडकीमागे उभी राहिले.
सहाशे बत्तीस आला. टोपीवर गवताची काडी.
प्यायला, पेला उलटा करून दाखवला,
मग जाळीतून माझ्याकडे बघत राहिला बराच वेळ.
"बोल," त्सियाला म्हणाली.

"ही बाई कोण?"

तिनं तारीख टाकली आणि लिहून घेतलं.